वळणावरची निळी सॅक

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रस्त्याच्या टोकाला, मेंढ्यांच्या कुंपणापाशी, गाड्या चार होत्या, माणसं तेरा, चालायच्या काठ्या एकवीस, बदललेले गुडघे पाच, बदललेला खुबा एक, वॉकीटॉकी दोन आणि सॅक बारा.

तेरा माणसं आणि बारा सॅक, यात मोजणी चुकलेली नव्हती. ॲल्विन आणि लोरेन पेट्री हे जोडपं दोघांत एकच सॅक आणायचं आणि आळीपाळीने उचलायचं. या बुधवारी ती नवी होती, नाताळनंतरच्या सेलमध्ये घेतलेली, निळी.

बदललेला खुबा रेविन मॅकीचा होता. तिचं वय शहात्तर. चौतीस वर्षं तिने डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातली चरबी मोजली होती आणि त्यानंतरची चौदा वर्षं दर बुधवारी ती डनेडिन शहराच्या मागच्या डोंगरांत या क्लबबरोबर चालत आली होती. गेल्या मे महिन्यात ऑपरेशन झालं, तेव्हा खंड पडला.

क्लबमध्ये तीन गट होते. लाल गट उंच आणि लांब जायचा. हिरवा गट समुद्रकाठच्या सिमेंटच्या रस्त्यावरून दीड तास चालायचा आणि अकरा वाजता कॉफी प्यायला बसायचा. मधला पिवळा गट रेविनचा. ऑपरेशननंतर पिवळ्यात परत यायचं तर नियम असा होता, की लागोपाठ तीन बुधवार जेवणाच्या जागी ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचायचं. पहिल्या बुधवारी ती अकरा मिनिटं आधी पोहोचली होती, दुसऱ्या बुधवारी सहा. आज तिसरा होता. फेब्रुवारीचा शेवटचा बुधवारही होता, आणि शुक्रवारी वर्षाची गटवार यादी लागणार होती. आज चुकलं की वर्षभर सिमेंट.

कॉलिन बार्टलेटने त्याचा मासे तोलायचा काटा बाहेर काढला. मासे तो हल्ली पकडत नसे, पण काटा घेऊन यायचा आणि लोकांच्या सॅक मोजायचा. वजन कमी करा, गुडघे वाचवा, हे त्याचं जुनं पालुपद होतं.

"चार किलो शंभर," रेविनची सॅक अडकवून तो म्हणाला. "डॉक्टर किती म्हणालेत?"

"पाचपर्यंत."

"मग एक सफरचंद खपेल अजून. ॲल्विन, आण तुझी."

"आमची नको," ॲल्विन म्हणाला. "हिचं अख्खं स्वयंपाकघर आहे आत."

"आणि ह्याचा दवाखाना," लोरेन म्हणाली. "तू मोजशील आणि मग तासभर भाषण ऐकवशील. राहू दे."

लीडर बेव्हन लॉकीने पाटीला लावलेला कागद वर धरला. बेव्हन शाळेत उपमुख्याध्यापक होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कागद हातात आला की त्याची मान ताठ व्हायची.

"अंतर सात किलोमीटर, चढ पाचशे वीस मीटर. सुटायचं नऊ पंचवीसला, माथ्यावर सर्व्हेच्या खांबापाशी बारापर्यंत. उतरायचं दुसऱ्या बाजूने, दोन गाड्या आधीच तिकडे नेऊन ठेवल्यात. आजचं शेपूट," त्याने यादीवरून बोट फिरवलं, "रेविन."

सर्वांत मागे चालणाऱ्याला क्लबमध्ये शेपूट म्हणायचे. शेपटाच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच त्याचं काम.

"आज तिला कशाला रे?" नायरी म्हणाली. नायरी रेविनची शेजारीण, आणि तिच्याच गाडीतून यायची. "आज तिचा तिसरा बुधवार आहे."

"शेपटांची यादी जानेवारीत लागलीये, नायरी. महिनाभर भिंतीवर होती. तेव्हा कुणी काही बोललं नाही."

"तेव्हा कुणाला काय माहीत हिचा तिसरा बुधवार कधी येतोय?"

"करते मी," रेविन म्हणाली. नको म्हणणं म्हणजे जमणार नाही म्हणणं, असं तिला वाटलं.

"बघ," बेव्हन म्हणाला. "उलट चांगलंच आहे. शेपूट होऊन वेळेत आलीस तर कोण बोट दाखवेल?" त्याने दुसरा वॉकीटॉकी तिच्या हातात दिला. त्याचा स्वतःचा त्याने बंद करून सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकला. जेवणाच्या जागेपर्यंत तो बंदच ठेवायचा. बॅटरी वाचते, म्हणायचा.

ते नऊ सव्वीसला सुटले.

पहिला तास वाट बीच नावाच्या उंच झाडांच्या रानातून जात होती, चिखल होता पण थोडा. रेविनच्या मनात आकडे तयार होते. खांबापर्यंत दोन तास पस्तीस मिनिटं मिळणार. गेल्या आठवड्याच्या वेगाने चढ धरून चालायला दोन तास दहा मिनिटं पुरतील. म्हणजे थांबायला पंचवीस मिनिटं.

थांबायचा प्रश्न निराळाच होता. हे तिने शेपूट म्हणून आधीही पाहिलं होतं, पण नव्या खुब्याने पहिल्यांदाच. पुढचे लोक प्रत्येक फाट्यावर थांबायचे, दगडावर बसायचे, पाणी प्यायचे, सुकामेवा आणि चॉकलेटची पिशवी फिरवायचे. शेपूट आलं की बेव्हन म्हणायचा, "आले सगळे? चला." आणि सगळे उठायचे. शेपूट येतं तीच निघायची खूण. त्यामुळे सगळ्यांना विश्रांती मिळायची, ती सोडून.

पहिल्या फाट्यावर ती पोहोचली तेव्हा नायरी म्हणाली, "बस गं दोन मिनिटं."

"बसले तर माझी दोन मिनिटं जातात."

"आणि आमची?"

"तुमची कुणी मोजत नाही."

पुढे कॉलिनच्या बुटाची नाडी तुटली. शेपटाच्या पुढचा माणूस थांबला की शेपटाने थांबायचं. त्याने खिशातून दुसरी नाडी काढली, तिचं वजन किती कमी आहे ते सांगितलं, आणि मग ती ओवायला घेतली. सहा मिनिटं. पुढे वाटेच्या कडेला एक लाल सॅक दिसली, वाटेपासून हातभर बाजूला, नीट उभी केलेली. ती नायरीची. रेविन थांबली.

हा क्लबचा नियम होता. कुणाला झाडीत जायचं असेल तर सॅक वाटेवर ठेवून जायचं. मधले लोक सॅककडे न बघता पुढे जातात. बघणं बरं दिसत नाही. शेपूट मात्र सॅकपाशी थांबतं आणि तिचा मालक परत येईपर्यंत हलत नाही. अकरा वर्षांपूर्वी वॉल्टर नावाचा एक सदस्य असाच झाडीत गेला, शेपूट पुढे निघून गेलं आणि वॉल्टर चुकीच्या ओढ्याने खाली उतरला. पाच तासांनी सापडला. त्यानंतरच्या सभेत हा नियम झाला. सूचना रेविननेच मांडली होती.

नायरी चार मिनिटांनी आली. "सॉरी गं," ती म्हणाली. "सकाळची कॉफी. मी घरून निघतानाच म्हणत होते पिऊ नये."

"चल लवकर."

चहाची सुट्टी दहा मिनिटांची. रेविन पोहोचली तेव्हा सात झाली होती. कुणीतरी तिच्या हातात चीजचा स्कोन, छोटा खारा पाव, दिला. तिने उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि थर्मास उघडण्यापूर्वीच बेव्हनने काठ्या उचलल्या. त्याने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडेही पाहिलं. थर्मास तिने तसाच आत टाकला.

तरीही हिशेब जमत होता. अकरा वाजता झाडी संपली आणि पिवळसर गवताची धार सुरू झाली. वायव्येचा वारा सुटला होता. पुढे वाट नागमोडी होत वर जात होती, एका वळणावर एक पट्टी डावीकडे, दुसऱ्या वळणावर उजवीकडे, मधे लांब पात्यांच्या फ्लॅक्सची कंबरभर उंचीची दाट झुडपं. तिसऱ्या वळणापासून खांबापर्यंत राहणार होतं तेराशे मीटर. पस्तीस मिनिटं लागली असती. खुबा दुखत नव्हता, फक्त जाणवत होता.

अकरा चौदाला ती तिसऱ्या वळणावर आली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाटेपासून हातभर बाजूला, नीट उभी केलेली निळी सॅक होती.

ती थांबली. पाठीवरची सॅक न काढता काठ्यांवर रेलली. वर पाहिलं तर गवतात कुणी दिसत नव्हतं. पुढची माणसं डोंगराच्या वरच्या खांद्यापलीकडे गेली होती. दोन मिनिटं. चार मिनिटं. तिने मान वळवून दुसरीकडे पाहिलं, कारण माणूस झुडपातून बाहेर येताना शेपटाने तिकडे बघायचं नसतं.

सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "कोण आहे? मी शेपूट आहे. घाई नाही." घाई होती.

वाऱ्यात उत्तर आलं असतं तरी ऐकू आलं नसतं. तिने शिट्टी वाजवली, एकदा. तीनदा वाजवली तर संकट समजतात, म्हणून एकदाच. वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "बेव्हन, रेविन बोलतेय. तिसऱ्या वळणावर सॅक आहे, निळी. कुणाची आहे? ओव्हर." फक्त खरखर आली. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर.

निळी सॅक तिच्या ओळखीची नव्हती. सगळ्यांच्या सॅक ती पाठमोऱ्या ओळखायची, पण ही ओळखता येईना. सकाळी पाहिल्यासारखी वाटली, कुणाच्या पाठीवर ते आठवेना. दुसऱ्याची सॅक उघडणं तिला आवडत नव्हतं. अकरा बावीसला तिने उघडली.

वर दोन डबे होते, दोन कप, मग मोठा थर्मास, एक छोटा स्टोव्ह, फळं कापायची लाकडी फळी, अर्धा फळकेक. खाली औषधांचा डबा, वारांचे सात कप्पे, बुधवार सकाळ रिकामा. दोन कप. पेट्री.

म्हणजे झाडीत ॲल्विन होता किंवा लोरेन. दोघांतलं दुसरं पुढे गेलं होतं. तिला ॲल्विनच्या हृदयात बसवलेल्या दोन स्टेंट आठवल्या.

"ॲल्विन!" ती ओरडली. "लोरेन!"

काठीने फ्लॅक्सची पाती बाजूला करत ती वीस पावलं आत गेली. पाती ओली होती आणि खालची जमीन दिसत नव्हती. नव्या खुब्याने न दिसणाऱ्या जमिनीवर पाऊल टाकू नये, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला आठ आठवडे सांगितलं होतं. ती टाकत राहिली. एका जागी पाती दबलेली होती. तिथे कुणी नव्हतं. ती परत सॅकपाशी आली, दुसऱ्या बाजूने आत गेली, परत आली.

अकरा पंचवीस. आता निघालं तर बाराला पोहोचता येत होतं. ही शेवटची मिनिटं होती आणि ती रेविनला माहीत होती. ती सॅकच्या बाजूला उभी होती. निघावं आणि वर जाऊन सांगावं, हे तर्काला धरून होतं. पण वर जाऊन सांगायचं काय? झुडपात कुणी पडलं आहे की नाही हे न बघता मी आले, असं? अकरा वर्षांपूर्वीचं शेपूट वर गेलं तेव्हा त्यालाही काहीतरी तर्क सुचलाच असेल.

अकरा सव्वीस झाले. सत्तावीस झाले. तिने पाठीवरची सॅक काढून खाली ठेवली.

मग ती पद्धतशीर शोधत गेली, सॅकपासून तीस पावलांच्या अंतरात, पट्ट्यापट्ट्यांनी, प्रयोगशाळेत ट्रेमधल्या नळ्या मोजायची तसं, म्हणजे कुठलीही जागा दोनदा होऊ नये आणि कुठलीही राहू नये. दर तीन मिनिटांनी शिट्टी. दर पाच मिनिटांनी वॉकीटॉकी. तोंडाने ती सतत काहीतरी बोलत होती, आणि त्यातलं बरंचसं बेव्हनच्या बॅटरीबद्दल होतं.

अकरा पंचेचाळीसला वॉकीटॉकी बोलला.

"रेविन, बेव्हन. आम्ही खांबापाशी आहोत. तू कुठेयस? ओव्हर."

"तिसऱ्या वळणावर. बेव्हन, लोरेन कुठे आहे? ॲल्विन कुठे आहे?"

"इथेच आहेत की. माझ्यासमोर बसलेत." मागे वाऱ्यात बोलणं ऐकू येत होतं. "सगळे आहेत. मोजले मी. बारा, आणि तू तेरावी. तुझीच वाट बघतोय."

रेविनने निळ्या सॅककडे पाहिलं.

"इथे त्यांची सॅक आहे," ती मग म्हणाली.

वरचं बोलणं बटण दाबलेलं राहिल्यामुळे तिला सगळं ऐकू आलं.

"तुझ्याकडे होती," लोरेन म्हणत होती.

"माझ्याकडे कुठे? तू वळणावर ठेवलीस ना?"

"मी ठेवली म्हणजे तू उचलायची. शेहेचाळीस वर्षं आपण असंच करतोय. जो ठेवतो तो उचलत नाही."

"मी पुढे होतो गं. मला काय दिसतंय तू कधी ठेवलीस?"

"मी झुडपातून बाहेर आले ती वरच्या पट्टीवर आले. तिथून जवळ पडतं. मला वाटलं तू खालून घेऊन आलास."

बेव्हन परत आला. "रेविन, त्यांचीच आहे म्हणतात. घेऊन ये तेवढी. आपण उतरणार दुसऱ्या बाजूने, परत तिकडे कुणी येणार नाही."

"कुणाला तरी खाली पाठव."

"गट फोडता येत नाही, तुला माहितेय. शेपूट आल्याशिवाय कुणी मागे जायचं नाही."

हेही तिला माहीत होतं. त्या सभेत हे दुसरं कलम होतं.

ती स्वतःची सॅक पाठीवर अडकवून उभी राहिली आणि निळी पुढे, छातीवर घेतली. तिच्यामुळे खाली पाय दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक दगड काठीने चाचपावा लागत होता. पट्टी डावीकडे, पट्टी उजवीकडे. बाराला ती सहाव्या वळणावर होती. तिथे ती थांबली नाही. थांबायचं कारण आता कुणी ठेवलं नव्हतं.

खांबापाशी ती आली तेव्हा बारा जण गवतात बसलेले होते. नायरी धावत आली आणि तिने छातीवरची सॅक काढून घेतली.

"काय गं हे, गाढवासारखं लादलंय तुझ्यावर."

ॲल्विन उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "रेविन, मी आलो असतो खाली," तो म्हणाला. "खरंच. बेव्हननेच नको म्हटलं."

"तू सॅक बघितल्याबरोबर उचलून सरळ आली असतीस ना," लोरेन म्हणाली, "तर एवढं काहीच झालं नसतं." तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ती असंच बोलायची.

"आणि तू झुडपात पडलेली असतीस तर?"

लोरेनने सॅकमधून डबे काढायला घेतले.

बेव्हनने कागद मांडीवर घेतला होता. "रेविन," तो म्हणाला, आणि घसा साफ केला. "वेळ किती लिहू?"

"असं काय विचारतोस?" नायरी म्हणाली. "एकतीस मिनिटं ती बिचारी दुसऱ्याच्या सॅकला राखण बसली होती. ती वजा कर. वर ही दुसरी सॅक चढवून आणली, तेही धर."

"कशातून वजा करू? नियम पोहोचण्याच्या वेळेचा आहे. थांबण्याचा रकानाच नाही यात."

"मग आख एक."

"मी आखू शकत नाही. समितीने आखायचा. समिती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बसते."

"आणि यादी शुक्रवारी लागते."

"यादी शुक्रवारी लागते," बेव्हन म्हणाला. त्याने टोपी काढली आणि परत घातली. "मला काही आनंद होत नाहीये, नायरी. मीच सकाळी म्हटलं होतं की ती वेळेत येईल. पण आज मी एकीसाठी वजा केलं, तर उद्या प्रत्येकजण म्हणेल माझी नाडी तुटली होती."

"मला उगाच मधे आणू नकोस," कॉलिन म्हणाला. "मी सहा मिनिटं घेतली ती घेतली. आणि वॉकीटॉकी कुणाचा बंद होता?"

वाऱ्याने कागदाचा कोपरा उडत होता, तो बेव्हनने अंगठ्याने दाबून धरला.

"तो बंद होता ते चूकच," तो म्हणाला. "ते मी समितीला सांगेन. पण रकाना त्याचाही नाही."

रेविन खाली बसली होती. बसताना तिने डावा पाय आधी लांब केला, मग हात टेकला, शिकवलं होतं तसं. थर्मास काढला. सकाळपासून उघडला नव्हता, चहा अजून गरम होता.

"लिही," ती म्हणाली.

"रेविन, तू थांबलीस ते बरोबरच केलंस. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

"ते कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?"

बेव्हनने पेनचं टोपण काढलं.

"मीच ठेवला होता तो नियम," रेविन म्हणाली. "सॅकचा. परत ठेवायची वेळ आली तर परत ठेवेन. फक्त तेव्हा हे डोक्यात आलं नाही की एक सॅक दोघांचीही असू शकते. लिही तू. बारा सव्वीस."

त्याने लिहिलं. नाव, सुटण्याची वेळ नऊ सव्वीस, पोहोचण्याची वेळ बारा सव्वीस, एकूण तीन तास. शेवटच्या चौकटीत त्याने गटाचा रंग लिहिला आणि कागद घडी करून आत टाकला.

लोरेनने फळकेकचा मोठा तुकडा कापून रेविनसमोर धरला. रेविनने तो घेतला. दोघी एकमेकींकडे न बघता खात राहिल्या.

कॉलिन उठला. पेट्रींनी काढलेले डबे, कप, स्टोव्ह, थर्मास, फळी आणि उरलेला केक त्याने एकेक करून पुन्हा निळ्या सॅकमध्ये भरले. कॉलिनने खिशातून काटा काढला, सॅकचा वरचा पट्टा त्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी काटा खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून धरला. सॅक वाऱ्यात थोडी फिरली. ती स्थिर होईपर्यंत तो थांबला.

"सात किलो चारशे," तो म्हणाला.